वाळूवरची तांबडी साय

2024 च्या होळीला संध्याकाळी सगळं आवरून घरातल्या समुद्री माशांच्या टाकीसमोर बसले, तेव्हा पुढच्या डाव्या कोपऱ्यात वाळूवर पंजाएवढा तांबूस-जांभळट डाग दिसला. दुधावर साय धरते तसा पातळ पापुद्रा, आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. प्लास्टिकच्या पट्टीने उचलला तर अख्खा सुटून आला, लोंबकळला आणि पाण्यात तुकडे होऊन पसरला. सकाळी उठून पाहिलं तर वाळू जवळजवळ पांढरी. मला वाटलं, गेलं. दुपारी दिवे लागले आणि रात्री आठपर्यंत डाग पुन्हा तिथेच, बोटभर वाढलेला.

आमची टाकी तीन फुटी. खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी) धरून दगड-वाळू वजा जाता साधारण 200 लिटर पाणी. 2023 च्या दिवाळीत सुरू केली. सहा आठवडे मासा न सोडता नुसतं पाणी फिरवलं, मग क्लाउनफिशची जोडी आणली, नंतर एक फायरफिश, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगाई आणि शंखातले खेकडे. दगड कृत्रिम, सिरॅमिकचे. प्रवाळ नाहीत. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे परदेशातल्या टाक्यांचे व्हिडिओ पाहून कुणी इथे तसलं काही शोधायला जाऊ नये. क्लाउनफिश मात्र आता आपल्याकडेही टाकीतच जन्मलेले मिळतात. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाची त्यांची हॅचरी आहे. समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचा नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं.

टाकी ठेवली सासऱ्यांच्या खोलीत. नाना मूळचे मालवणचे. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मुलाकडे पुण्याला, तेही वाघोलीला, यावं लागलं. इथे दिवसभर खिडकीतून दिसतात समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्या. त्यांच्यासाठी घरात थोडा समुद्र आणावा, हा माझा हेतू. मासे आल्यापासून नाना पलंगाची दिशा बदलून टाकीकडे तोंड करून झोपतात. हे सांगते, कारण पुढे या तांबड्या सायीशी त्यांचा जवळचा संबंध आला.

सुरुवातीला मी केलं ते सगळं उलटं होतं. डाग दिसला की पट्टीने ढवळायचा, वाळू वरखाली करायची. डाग दिसेनासा व्हायचा आणि त्याचे तुकडे टाकीभर जाऊन नव्या जागा धरायचे. तीन आठवड्यांत, गुढीपाडवा उलटून गेला तेव्हा, वाळूचा अर्धा भाग आणि दोन दगडांचे माथे लाल झाले होते. मी पाणी बदलण्याचं प्रमाणही वाढवलं. आठवड्याला 20 लिटर बदलत होते ते 40 केलं. चाळीस लिटरला जवळजवळ दीड किलो मीठ लागतं. या मिठाचा खर्च कमी नाही आणि बादल्या उचलून पाठ धरते. एवढं करून साय आणखी दाट झाली. का झाली, ते कळायला जुलै उजाडला.

नानांनी एकदा मला जवळ बोलावून डाग दाखवला आणि म्हणाले, "शिमग्याच्या सुमारास दर्यार असोच भुसो दिसायचो." लाकडाचा भुसा सांडल्यासारखे पट्टे पाण्यावर यायचे, दोन-चार दिवसांनी कुजून वास यायचा, होडीतले लोक त्यातून जाळं ओढायला नाखूश असायचे. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाची आठवण, एवढंच वाटलं. तीच आठवण किती नेमकी होती, हे माझ्या नणंदेने सांगितलं.

वन्सं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मे महिन्यात त्या आल्या, तेव्हा औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी त्यांना सायीचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. चारशेपट मोठं केल्यावर दिसल्या लांब, सरळ, एकसारख्या तारा. प्रत्येक तारेत नाण्यांची चळत रचावी तशा चपट्या पेशी. आणि त्या तारा सरकत होत्या. पाय नाहीत, शेपटी नाही, तरी आगगाडी स्टेशनातून हळूच निघावी तशी एक तार दुसरीला घासून पुढे जात होती. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

"हे शेवाळ नाही," वन्सं म्हणाल्या. "आपण म्हणतो नीलहरित शैवाल, पण हे जिवाणू. पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही. तरी उन्हावर अन्न करतात आणि प्राणवायू सोडतात." बुडबुडे म्हणजे तोच प्राणवायू. लाल रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून जिथे इतरांना उजेड कमी पडतो तिथेही यांचं भागतं. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. ज्या जिवाला मी पट्टीने मारायला निघाले होते, त्याच्यामुळे मला श्वास घेता येतो आहे, हे त्या दिवशी प्रथम नीट उमगलं.

नानांचा भुसाही हाच. म्हणजे हीच जात नव्हे, पण याच कुळातली. ट्रायकोडेस्मियम म्हणतात. पावसाळ्याआधी समुद्र शांत आणि कोमट असतो तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो फुलतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत. खलाशी त्याला पूर्वीपासून समुद्राचा भुसाच म्हणत आले. एकोणिसाव्या शतकात एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रात तो पाहून त्याला नाव दिलं, आणि त्या समुद्राचं नावही त्याच्यावरूनच पडलं असावं असं अनेकांना वाटतं. घरी येऊन नानांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की रात्री फोनवर मालवणातल्या भावाला त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

ओळख पटवणं गरजेचं होतं, कारण याच्यासारखीच दिसणारी दुसरी एक पीडा आहे. डायनोफ्लॅजेलेट. तीही तपकिरी, बुळबुळीत, बुडबुडेवाली. पण ती शेंबडासारखी तार धरते, आणि सूक्ष्मदर्शकात तिच्या सुट्या, गोल पेशी गिरक्या घेताना दिसतात. तिचा उपाय पुष्कळदा नेमका उलटा असतो. आपल्या टाकीत काय आहे हे न पाहता उपाय सुरू करू नका. जवळच्या शाळेत, कॉलेजात विचारा. सूक्ष्मदर्शक असतो आणि शिकवणाऱ्यांना दाखवायलाही आवडतं.

हे सगळं कळूनही मी पुढची चूक केलीच. मुंबईतल्या ज्या दुकानातून मासे घेतले तिथल्या काकांनी तांबड्या सायीवरची पावडर दिली. डबीवर घटक लिहिलेले नव्हते. अशा औषधांत बहुधा एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक असतं. साय म्हणजे जिवाणू, म्हणून प्रतिजैविक लागू पडतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी रात्री मोजून घातलं. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र, बंद करायला सांगितलं होतं, केला. एक एअरस्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, लावला. दुसऱ्या दिवशी साय फिकट पडली आणि संध्याकाळी वाळू अशी दिसली की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

त्याच रात्री अडीचला वीज गेली. वाघोलीत मे महिन्यात हे नवं नाही. पावणेसहाला आली. आमचा इन्व्हर्टर पंख्यांवर आणि दिव्यांवर. एअरपंप त्याच्यावर नव्हता. इतकी साय एकदम मरून कुजायला लागते, तेव्हा ती पाण्यातला प्राणवायू खाते. त्यात पाणी 29 अंशांवर गेलेलं, गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, आणि सव्वातीन तास पाणी हललं नव्हतं. सकाळी फायरफिश दगडाच्या कपारीत आडवी सापडली. कोळंबीही गेली. क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून उभे होते, जोरजोरात कल्ले हलवत. नाना चारपासून जागे होते. अंधारात त्यांना काही दिसत नव्हतं, पण पंपाचा आवाज थांबलेला त्यांना कळला होता. आम्हाला उठवावं की नाही, या संकोचात ते बसून राहिले. ते त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं. मला आजही त्या सकाळचं वाईट वाटतं. औषध घातलं तो दोष माझा, आणि एअरपंपाची सोय न करता घातलं तो त्याहून मोठा.

आठवडाभरात अमोनियाही किंचित दिसू लागला, म्हणजे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या चांगल्या जिवाणूंनाही झळ लागली असावी. पाणी बदलून तो आटोक्यात आणला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस लागला त्याच दिवसांत, डाव्या कोपऱ्यात पुन्हा नखाएवढा तांबडा ठिपका आला.

तेव्हा मी वही केली. दोनशे पानी, रेघांची. टाकीत जे जे जातं ते त्या दिवशी लिहायचं: खाणं किती, पाणी किती, मीठ किती, दिवे किती तास. साय म्हणजे कुणीतरी तिला जेवायला घालतं आहे, आणि घालणारे आम्हीच. तिचं खाणं म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, ते तपासायचे किट आणले. पहिल्या दिवशी नायट्रेट लिटरला 25 मिलिग्रॅम, फॉस्फेट 0.25. नायट्रेट 5 च्या आसपास आणि फॉस्फेट 0.05 च्या जवळ असावं, अशी माझी अपेक्षा.

वहीने पहिल्याच आठवड्यात नानांना पकडलं. सकाळी मी घालत होते, संध्याकाळी नवरा, आणि दुपारी नाना, आपल्या आपण. चिमूट म्हणता म्हणता मूठ. शिवाय आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या कोळंबीचा चुरा, तो वितळलेल्या पाण्यासकट मी तसाच ओतायचे. त्या पाण्यातच फॉस्फेट भरपूर असतं. चहाच्या गाळणीत घेऊन शुद्ध पाण्याखाली धुऊन घालायला लागले. नानांना दुपारचं बंद करा म्हणताना जीभ जड झाली. ते काही बोलले नाहीत, फक्त टाकीकडे बघत म्हणाले, "तेंका उपाशी ठेवू नको गो." शेवटी वाटणी केली: दिवसातून एकदाच, आणि तो मान नानांचा. दाणे मी मोजून छोट्या डबीत ठेवायचे, त्यांनी एकेक करून टाकायचे, मासा गिळेपर्यंत थांबायचं. खाली वाळूवर एकही दाणा पडू द्यायचा नाही.

फॉस्फेट हळूहळू उतरू लागलं. नायट्रेट मात्र 25 वरून हलेना. उलट पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी साय जोमात. हे मला खाऊन टाकत होतं. पाणी तर मी आरओचं वापरत होते. स्वयंपाकघरातल्या मशीनचं, जे आम्ही पितो. त्याहून स्वच्छ पाणी घरात दुसरं कुठलं?

जुलैत तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर मागवला, पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते मोजणारा. मुद्दाम नव्हे, मिठाच्या मागवणीबरोबर आला. सहज म्हणून आरओच्या ग्लासात बुडवला. 94. मी पुसून पुन्हा बुडवला. 94. सोसायटीच्या नळाचं पाणी, म्हणजे टँकर आणि बोअरची मिसळ, 780. मग नायट्रेटचं किट काढून दोन्ही तपासली. नळाच्या पाण्यात 40, आरओच्या पाण्यात 8. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसूनच ते आकडे वहीत लिहिले.

मशीनची सर्व्हिस करायला येणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी कव्हर काढून एक बारीक स्क्रू दाखवला. "हा टीडीएस कंट्रोलर, मॅडम. आरओचं पाणी एकदम बेचव लागतं, म्हणून त्यात थोडं साधं पाणी परत मिसळतात. चवीसाठी." म्हणजे पडद्यातून गाळून काढलेलं पाणी, आणि त्यात पुन्हा पडद्याला वळसा घालून आलेलं बोअरचं पाणी. पिण्याला काही अपाय नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आमचं 8 म्हणजे उत्तमच. पण ते माणसासाठी.

टाकीसाठी हिशेब निराळा आहे, आणि तो मी त्या रात्री मांडला. पुण्याच्या उन्हाळ्यात पंखा मारून गार ठेवलेल्या टाकीतलं दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी. त्यात जे विरघळलेलं असतं ते मागे राहतं. त्या जागी मी रोज साडेतीन लिटर भरत होते, प्रत्येक लिटरमागे 8 मिलिग्रॅम नायट्रेट घेऊन. महिन्याला 840 मिलिग्रॅम. 200 लिटरच्या टाकीत म्हणजे महिन्याला लिटरमागे चार मिलिग्रॅमची भर, मासे न खाता, न हगता. आणि साय घालवायला म्हणून जे 40 लिटर दर आठवड्याला बदलत होते तेही त्याच मशीनचं. नायट्रेटखेरीज बोअरच्या पाण्यातलं आणखी काय काय येत होतं ते माझ्या किटला मोजता येत नव्हतं. मी जितकी स्वच्छता करत होते, तितकं तिला वाढून ठेवत होते.

ज्यांच्या टाकीत ही साय पुन्हा पुन्हा येते त्यांनी मला विचारलं तर मी सगळ्यात आधी हेच सांगेन: घरच्या आरओवर विश्वास टाकण्याआधी मीटर बुडवून पाहा. किंमत एका क्लाउनफिशपेक्षा कमी.

स्क्रू पूर्ण बंद करता येतो, पण मग पिण्याचं पाणी बेचव, आणि तरी आकडा शून्यावर येत नाही. म्हणून टाकीसाठी वेगळं युनिट लावलं: गाळाची कॅन्डल, कार्बन, आरओचा पडदा आणि शेवटी डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार धरणाऱ्या दाण्यांची, नळी. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस 0, कधी 1. एक लिटरमागे तीनेक लिटर वाया जातं. टँकरच्या गावात ते गटारात सोडवेना. एक निळा ड्रम घेतला. लादी पुसणं, गॅलरी धुणं आणि संडासाचे फ्लश त्यावर होतात.

नव्या पाण्याने पहिल्या दोन आठवड्यांत साय जराही कमी झाली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण याच टप्प्यावर माणूस धीर सोडून पुन्हा पावडरीच्या डबीकडे वळतो. वाळूत साठलेलं असतं, ते संपायला वेळ लागतो. वहीत मात्र नायट्रेट 20, 16, 12 असं उतरत होतं. त्याच आकड्यांवर मी धरून राहिले.

मग प्रवाह. साय नेमकी डाव्या पुढच्या कोपऱ्यातच का येते? एके रात्री दिवे मंद करून बारीक दळलेलं खाणं पिपेटने पाण्यात सोडलं आणि कण कसे फिरतात ते पाहत बसले. सगळे कण उजवीकडून गोल फिरत मधल्या दगडावर आपटायचे, आणि डाव्या कोपऱ्यात येऊन पाचोळ्यासारखे खाली बसायचे. टाकीची सगळी घाण तिथे. ताशी 4000 लिटरचा वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह करणारा पंप, होता तो उजव्या काचेवर, मधल्या दगडाच्या रांगेत. तो वर चढवून समोरच्या काचेकडे वळवला, मधला दगड चार बोटं मागे सरकवला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात दुसरा छोटा वेव्हमेकर लावला. पहिल्या दिवशी वाळू उडून खड्डा पडला. तीन दिवस थोडं थोडं वळवत बसले, तेव्हा जमलं. आता कण कुठेच टेकत नाहीत.

साय काढायची पद्धतही बदलली. ढवळायची नाही, ओढायची. एअरपंपाची बारीक नळी दाढी करण्याच्या ब्रशच्या दांड्याला बांधली, दुसरं टोक खाली बादलीत. पंप सगळे बंद. नळीचं तोंड सायीच्या कडेला लावलं की पापुद्रा सोलून आत जातो. वास येतो, कुबट, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा. बारीक नळीमुळे पाणी सावकाश जातं, वाळू येत नाही, आणि 20 लिटरमध्ये टाकीभरची साय निघते. हे काम संध्याकाळी, दिव्यांचे तास संपत आले की करावं. तेव्हा ती सगळ्यात जाड असते. सकाळी करायला गेलं तर हाती काही लागत नाही.

आणि अंधार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नायट्रेट 8 वर आल्यावर, तीन दिवस टाकी पूर्ण झाकली. आधी साय ओढून घेतली, एअरस्टोन दोन लावले, आणि बॅटरीवर चालणारा एअरपंप ठेवला जो वीज गेली की आपोआप सुरू होतो. मेमधल्या त्या रात्रीनंतर पहिली खरेदी हीच केली होती. जुन्या दोन नऊवारी साड्या दुहेरी करून गुंडाळल्या. मासे तीन दिवस उपाशी सहज राहतात, त्यांना काही होत नाही. नानांना मात्र झालं. पलंगाचं तोंड टाकीकडेच ठेवून ते साडीच्या काठाकडे पाहत पडून राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कान काचेला लावला होता. "आवाज येता," म्हणाले. पंपाचा. तो सुरू आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

चौथ्या दिवशी साडी सोडली. वाळूवर काही नव्हतं. मी लगेच पुन्हा वीस लिटर बदललं, कारण जे मेलं ते पाण्यातच होतं. दिव्यांचे तास दहावरून सातवर आणले, पांढऱ्या दिव्याचा जोर निम्मा केला. अंधार हा उपाय मी शेवटी ठेवला, आणि तसाच ठेवावा असं माझं मत. खाणं, पाणी आणि प्रवाह आधी जागेवर आणले नसते तर पंधरा दिवसांत साय पुन्हा आलीच असती. पावडर जशी आली होती आणि गेली होती, तसंच.

एका गोष्टीत मी घाई केली होती, तीही सांगते. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे मिळतात. ते मी संपमध्ये जरा जास्तच घातले, आणि आकडा 0.00 आला. आनंद झाला. वन्संनी फोनवर थांबवलं. शून्याच्या मागे लागू नको, त्या म्हणाल्या. टाकीत खाणं अजिबात उरलं नाही तर आधी मरतात ते बिनउपद्रवी हिरवे जीव, आणि रिकामी जागा धरतात ते चिवट. यांच्यातल्या काहींना तर हवेतल्या नत्रावरही निभावता येतं, तुझ्या नायट्रेटची गरज नाही. दाणे काढले. त्याऐवजी संपमध्ये किटोमॉर्फा या शेवाळाचा हिरवा गुंता लावला, जाड केसांच्या जटेसारखा दिसतो. रात्री टाकीचे दिवे बंद असताना त्याचा दिवा सुरू असतो. जे नायट्रेट-फॉस्फेट सायीने खाल्लं असतं ते हा खातो. दोन आठवड्यांनी मूठभर कापून झाडांच्या कुंडीत घालते, आधी गोड्या पाण्यात नीट धुऊन. सगळ्या उपायांत माझा जीव याच्यावर जास्त आहे. काही मारावं लागत नाही.

गणपतीत, सप्टेंबरच्या सुरुवातीला, आलेल्या पाहुण्यांना टाकी दाखवली तेव्हा मी आपोआप डाव्या कोपऱ्यासमोर उभी राहिले, झाकायला. मग लक्षात आलं, झाकण्यासारखं तिथे काही नाही. त्या दिवशीची नोंद: नायट्रेट 5, फॉस्फेट 0.06, भरायच्या पाण्याचा टीडीएस 0.

ऑक्टोबरमध्ये क्लाउनफिशनी टाकीतल्या मातीच्या बोळक्यावर अंडी घातली. नारिंगी दाणे, ओळीने चिकटवलेले. नर रात्रंदिवस पंखांनी वारा घालत होता. आठव्या रात्री पिल्लं फुटली आणि दोन दिवसांत गेली. त्यांना खायला लागणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आमच्याकडे नव्हते. पुढच्या खेपेला तयारी करायची आहे, त्याच्यासाठी वहीत वेगळी पानं राखून ठेवली आहेत.

साय पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. मागच्या बाजूला, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे संपमध्ये पाणी उतरतं त्या, पेटीखाली जिथे कुठलाच वेव्हमेकर पोचत नाही, तिथे रुपयाएवढा तांबडा ठिपका आहे. दर गुरुवारी पाणी तपासताना टॉर्च मारून त्याच्याकडे बघते. गेले चार महिने तो रुपयाएवढाच आहे. नानांची डबी रोज सकाळी भरते, दोन माशांना मिळून दहा दाणे. ते मोठ्याने मोजत टाकतात. कधीतरी मोजणी बारावर जाते, आणि मी वहीत बारा लिहिते.